थेरपी सुरू करण्याआधी खर्चाचा आकडा लेखी मागा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही चार वर्षं न्यू जर्सीत आहोत. बाळ पाच महिन्यांचं झालं, पण माझी झोप आणि हुशारी दोन्ही परत आलेली नाहीत. कारण नसताना रडू येतं. बाळाला काही होईल या धास्तीने रात्री उठून उठून बघते. बाळंतपणानंतरच्या त्रासाचा अनुभव असलेली एक थेरपिस्ट मैत्रिणीने सुचवली. पण ती आमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये नाही, म्हणजे खिशातून पैसे द्यावे लागणार. फोनवर विचारलं तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, 'साधारण दोनशे होतात, पुढे बघू.' किती वेळा जावं लागेल, एकूण किती होतील, काहीच सांगितलं नाही. यजमान म्हणतात, इथे डॉक्टरला आधी पैसे विचारणं बरं दिसत नाही, आणि घासाघीस केली तर ती आपल्याला घेणारच नाही. मला मात्र बिल किती येईल या काळजीनेच पाऊल उचलवत नाही. खर्च आधी लेखी मागता येतो का? घरी सासूबाई आल्या आहेत, त्यांना हे कळलेलं नाही.
– झोप उडालेली एक आई

उत्तर

सगळ्यात आधी एक गोष्ट, पैशांच्या आधीची. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर पुढचं काहीही वाचायला थांबू नका. ९८८ या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा मेसेज पाठवा. तितकी वेळ आलेली नसेल, पण रात्री दोन वाजता कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल, तर गरोदर बायका आणि नुकत्याच आई झालेल्यांसाठी १-८३३-८५२-६२६२ ही सरकारी हेल्पलाइन आहे. ती चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि दुभाषा मागता येतो. तुम्ही लिहिलेला त्रास अनेक आयांना होतो आणि उपचारांनी तो बरा होतो.

आता तुमचा प्रश्न. हो, खर्च आधी लेखी मागता येतो. आणि तो देणं ही थेरपिस्टची मेहेरबानी नाही, तिच्यावर कायद्याचं बंधन आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्राइजेस ॲक्ट' लागू आहे. ज्यांच्याकडे विमा नाही, किंवा विमा असूनही जे तो न वापरता स्वतः पैसे भरणार आहेत, त्यांना उपचाराआधी अपेक्षित खर्चाचा लेखी अंदाज द्यावा लागतो. त्या कागदाला 'गुड फेथ एस्टिमेट' म्हणतात. फोनवर हेच शब्द वापरा, म्हणजे समोरच्याला लगेच कळतं. हा नियम मोठ्या हॉस्पिटलांपुरता नाही. एका खोलीत एकटीने प्रॅक्टिस करणारी सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर, फॅमिली थेरपिस्ट, सायकियाट्रिस्ट, राज्याचा परवाना घेऊन उपचार करणाऱ्या सगळ्यांना तो लागू आहे. परवाना नसलेले 'लाइफ कोच' वगैरे मात्र यात येत नाहीत, म्हणून आधी परवाना आहे का ते विचारा.

तुमच्या यजमानांची शंका समजण्यासारखी आहे, पण इथे घासाघिशीचा प्रश्नच नाही. आपल्याला असा अंदाज मिळू शकतो ही सूचना थेरपिस्टने ऑफिसात आणि वेबसाइटवर ठळक लावायची असते, आणि कुणी पैशांचा विषय काढला की तोंडीही सांगायची असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'किती खर्च येईल?' एवढं नुसतं विचारलं तरी नियमानुसार ती लेखी अंदाजाची मागणीच धरली जाते. म्हणजे त्या फोनवर तुम्ही मागणी करून चुकलात. 'साधारण दोनशे, पुढे बघू' हे तिचं उत्तर होऊ शकत नाही. तोंडी आकडा सांगितला, तरी कागद द्यावाच लागतो.

पुन्हा फोन कराल तेव्हा जास्त बोलायची गरज नाही. 'आय ॲम सेल्फ-पे. प्लीज सेंड मी अ रिटन गुड फेथ एस्टिमेट', एवढं पुरतं. फोनवर बोलणं जड जात असेल तर हेच वाक्य ईमेलने पाठवा. तारखेसह पुरावा राहतो, म्हणून खरं तर ईमेलच बरा.

कागद कधी मिळायला हवा, याचे दिवस ठरलेले आहेत. वेळ न घेता नुसता अंदाज मागितला, तर कामाच्या तीन दिवसांत. अपॉइंटमेंट निदान दहा कामाचे दिवस पुढची असेल, तर वेळ घेतल्यापासून तीन कामाच्या दिवसांत. तीन ते नऊ कामाचे दिवस पुढची असेल, तर एका कामाच्या दिवसात. म्हणजे सोमवारी फोन करून गुरुवारची वेळ घेतली, तर मंगळवारपर्यंत कागद तुमच्या हातात पाहिजे. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या यात धरायच्या नाहीत. खाच आहे ती इथे. अपॉइंटमेंट तीन कामाच्या दिवसांच्या आत असेल, तर वेळ ठरली म्हणून आपोआप अंदाज देण्याचं बंधन राहत नाही. त्रास वाढला की माणूस 'उद्याच वेळ द्या' म्हणतो, आणि कागदाशिवाय खुर्चीत जाऊन बसतो. म्हणून तब्येतीला थांबणं शक्य असेल तर आधी अंदाज मागा, तो वाचा आणि मग वेळ ठरवा. थांबणं शक्य नसेल तर जरूर जा. त्या एका भेटीचा दर तेवढा ईमेलवर मागून ठेवा, आणि पुढच्या भेटींचा अंदाज त्याच दिवशी मागा.

कागद आला की नुसता खालचा एकूण आकडा बघून तो बाजूला ठेवू नका. त्यावर तुमचं नाव आणि जन्मतारीख, थेरपिस्टचं नाव, तिचा एनपीआय क्रमांक (उपचार करणाऱ्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि कराचा क्रमांक, उपचार कुठल्या पत्त्यावर होणार, प्रत्येक सेवेचा कोड आणि त्यापुढे अपेक्षित रक्कम असायला हवी. यातलं मोलाचं म्हणजे कोडचा रकाना. थेरपीच्या बिलात खरा फरक पडतो तो तिथेच.

पहिली भेट बहुधा ९०७९१ या कोडखाली येते. तिच्यात सगळा इतिहास विचारून निदान केलं जातं, आणि बऱ्याच ठिकाणी तिचा दर पुढच्या भेटींपेक्षा जास्त असतो. 'साधारण दोनशे' हा आकडा पहिल्या भेटीचा की नंतरच्यांचा, हे म्हणूनच विचारायचं. नंतरच्या भेटींना मिनिटांप्रमाणे कोड लागतो. १६ ते ३७ मिनिटं म्हणजे ९०८३२, ३८ ते ५२ मिनिटं म्हणजे ९०८३४, आणि ५३ मिनिटांपासून पुढे ९०८३७. आता घड्याळ बघा. कित्येक थेरपिस्ट ज्याला 'एक तासाचं सेशन' म्हणतात ते प्रत्यक्षात पन्नास मिनिटांचं असतं. पन्नास मिनिटं ९०८३४ मध्ये बसतात, ९०८३७ मध्ये नाही. अंदाजात ९०८३४ लिहिलेलं असताना बिलात ९०८३७ आला, तर आधी सेशन किती वाजता सुरू झालं आणि कधी संपलं ते आठवा. पहिले काही आठवडे फोनच्या कॅलेंडरात दोन्ही वेळा टिपून ठेवल्या, तर आठवणीवर विसंबावं लागत नाही.

निदानाचा रकाना रिकामा असेल तर घाबरू नका. तुम्हाला एकदाही न भेटता थेरपिस्टने निदान लिहावं ही अपेक्षा नाही. रक्कम काढायला निदानाचा कोड लागत नसेल, तर तो पहिल्या अंदाजात नसला तरी चालतो. पुढच्या कागदावर एफ५३.० दिसला, तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा कोड आहे. अर्थ माहीत नसलेला कोड दिसला, तर गूगलवर शोधत बसण्यापेक्षा थेरपिस्टलाच विचारा.

थेरपीसारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या उपचारांसाठी एकच अंदाज जास्तीत जास्त बारा महिन्यांचा देता येतो. मात्र त्यात किती भेटी, किती दिवसांनी आणि किती काळ, हे लिहिलेलं हवं. काही ठिकाणी 'वर्षात १ ते ५२ भेटी, २०० ते १०,४०० डॉलर' असा कागद हातात ठेवतात. तो घेऊन तुम्हाला काहीच ठरवता येत नाही, आणि पुढे वाद झाला तर त्याचा आधारही मिळत नाही. असा कागद आला तर स्पष्ट सांगा: पहिल्या भेटीचा वेगळा अंदाज द्या, आणि ती झाली की पुढच्या दहा-बारा भेटींचा नवा द्या. पहिल्या भेटीनंतर थेरपिस्टला तुमच्या त्रासाची कल्पना आलेली असते, त्यामुळे दुसरा अंदाज जास्त नेमका असतो. दहा-बारा भेटी संपल्यावर पुढच्यांसाठी पुन्हा मागायचा, कारण जुन्या कागदात नसलेल्या भेटींना तो कागद संरक्षण देत नाही.

लहान अंदाज मागायचं कारण हिशोबात आहे. बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं, तरच सरकारकडे दाद मागता येते. ही तुलना भेटीगणिक होत नाही. त्या थेरपिस्टचा अंदाजातला एकूण आकडा आणि तिने लावलेला एकूण आकडा समोरासमोर ठेवायचे. समजा, पहिली भेट २५० डॉलर आणि पुढच्या अकरा भेटी १८० डॉलरने, म्हणजे अंदाज २,२३० डॉलरचा. प्रत्यक्षात त्या अकराही भेटी मोठ्या कोडखाली २२० डॉलरने लावल्या, तर बिल होतं २,६७०. प्रत्येक वेळी फक्त चाळीस डॉलर वाढले, म्हणून कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण एकूण फरक ४४० झाला आणि दाद मागण्याचा रस्ता उघडला. याच भेटींसाठी अंदाज ५२ सेशनचा फुगवून दिलेला असता, तर बिल त्याच्या जवळपासही पोचलं नसतं.

दरम्यान दर वाढवायचा असेल किंवा उपचार बदलायचे असतील, तर थेरपिस्टने त्या भेटीच्या निदान एक कामाचा दिवस आधी सुधारित अंदाज द्यायचा असतो. भेट संपल्यावर 'अगं, आमचे दर या महिन्यापासून वाढले' म्हणणं त्यात बसत नाही. अंदाज म्हणजे करार नाही, हेही ध्यानात ठेवा. तो घेतला म्हणून तुम्हाला तिच्याकडेच जावं लागतं असं नाही. दोन-तीन ठिकाणांहून अंदाज मागवून तुलना करायला काहीच हरकत नाही. उत्पन्नाप्रमाणे फी कमी करण्याची सोय असेल, तर त्याला 'स्लायडिंग स्केल' म्हणतात. आधी विचारा, कारण मिळणारी सवलत वजा करूनच अंदाजातला आकडा लिहायचा असतो.

औषध सुरू करावं लागलं तर सायकियाट्रिस्टचं बिल वेगळं येईल. त्यात एकाच भेटीला दोन कोड लागू शकतात, उदाहरणार्थ औषधोपचाराच्या भेटीला ९९२१४ आणि त्याच वेळी थेरपी केली म्हणून जोडीला ९०८३३. दोन्हींचे पैसे मिळून एक भेट होते, हे आधी कळलेलं बरं. बाळंतपणानंतर थायरॉइड तपासायला सांगतात, त्या लॅबचं बिल आणखी वेगळं. थेरपिस्टच्या कागदात हे काही येणार नाही. ज्याच्याकडे जाल त्याच्याकडून त्याचा अंदाज घ्या. चुकलेल्या किंवा उशिरा रद्द केलेल्या अपॉइंटमेंटची फीही लेखी विचारून ठेवा. तान्हं बाळ असलेल्या आईच्या हातून वेळ चुकणं अगदी साहजिक आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्या दिवशीची पूर्ण फी लावतात.

बिल ४०० डॉलर किंवा जास्तीने फुगलंच, तर आधी थेरपिस्टच्या ऑफिसला ईमेल करा, अंदाज आणि बिल दोन्ही जोडून. बऱ्याचदा कोड चुकलेला असतो आणि एका ईमेलने काम होतं. नाही झालं, तर बिलावरच्या तारखेपासून १२० दिवसांच्या आत सीएमएस या केंद्रीय संस्थेकडे तक्रार नोंदवायची. ऑनलाइन, टपालाने किंवा फॅक्सने, कशीही. फी २५ डॉलर. अडलं तर १-८००-९८५-३०५९ वर मदत मिळते. निवाडा त्रयस्थ संस्था करते. थेरपिस्टला आपलं म्हणणं मांडायला दहा कामाचे दिवस मिळतात, आणि ते आल्यावर तीस कामाच्या दिवसांत निर्णय. निकाल तुमच्या बाजूने लागला तर ते २५ डॉलर तुमच्या बिलातून वजा होतात. मधेच तडजोड झाली तरी निदान अर्धी फी वजा व्हायला हवी. प्रकरण चालू असताना बिल वसुली एजन्सीकडे देता येत नाही, तशी धमकी देता येत नाही, उशिराचा दंड वाढवत ठेवता येत नाही आणि दाद मागितली म्हणून तुमच्यावर सूडही उगवता येत नाही. यजमानांना हे मुद्दाम वाचून दाखवा.

पण हा सगळा रस्ता त्या एका कागदावर उभा आहे. अंदाजच हातात नसेल, तर ४०० डॉलरची तुलना कशाशी करणार? ती प्रक्रिया सुरूच होत नाही. थेरपिस्टने अंदाज द्यायला टाळाटाळ केली, तर त्याची वेगळी तक्रार वर दिलेल्या १-८००-९८५-३०५९ या क्रमांकावर करता येते. पण तक्रारीपर्यंत जाण्यापेक्षा तो कागद आधी मिळवणं शंभर पटींनी सोपं.

आता विम्याबद्दल, कारण तुमच्याकडे तो आहे. विमा कंपनीकडे दावा पाठवायचा नसेल, तर तुम्ही 'सेल्फ-पे' आणि वरचं सगळं तुम्हाला लागू. मात्र असे भरलेले पैसे साधारणपणे विम्याच्या डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायच्या रकमेत, धरले जात नाहीत. काही लोक स्वतः पैसे भरतात, थेरपिस्टकडून 'सुपरबिल' म्हणजे कोडसह तपशीलवार पावती घेतात आणि नंतर ते विमा कंपनीकडे पाठवून थोडे परत मिळवतात. तसं करायचं असेल तर तुम्ही सेल्फ-पे ठरता की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून थेरपिस्टला सुरुवातीलाच सांगा आणि कुठल्याही परिस्थितीत दर लेखी घ्या. मग विम्याच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करून तेच कोड सांगा आणि विचारा: नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल किती, त्यातलं किती भरून झालंय, ९०८३४ ला किती रक्कम मान्य करता आणि तिच्यातले किती टक्के देता. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या.

तोच फोन चालू असताना आणखी एक विचारा. बाळंतपणानंतरच्या त्रासाचा अनुभव असलेली, नवे पेशंट घेणारी थेरपिस्ट नेटवर्कमध्ये जवळपास मिळत नसेल, तर 'नेटवर्क गॅप एक्सेप्शन' देता का? मंजूर झालं, तर बाहेरच्या थेरपिस्टकडेही नेटवर्कच्या दराने जाता येतं. त्यासाठी यादीतल्या ज्या ज्या थेरपिस्टना फोन केलात त्यांची नावं, तारखा आणि 'जागा नाही' ही उत्तरं टिपलेली असली की अर्ज भक्कम होतो. हे काम यजमानांकडे द्या. सध्या तुमच्या अंगात दहा फोन करण्याचं त्राण नसेल, आणि त्यांना मदत करायची असेल तर याहून चांगली मदत नाही. विमा कंपनीच्या यादीत थेरपिस्ट नेटवर्कमधली दाखवली होती आणि प्रत्यक्षात नव्हती असं निघालं, तर त्या चुकीचा भार तुमच्यावर टाकता येत नाही, तुम्ही नेटवर्कमधला हिस्साच द्यायचा. म्हणून यादीच्या त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि तो छोटा नाही. अंदाज कागदावर हवा की ईमेलने, हे निवडण्याचा हक्क तुमचा आहे. ईमेल सांगा, आणि ऑफिसच्या फॉर्मवर टपालाने काही पाठवू नका, घरच्या फोनवर निरोप ठेवू नका असं लिहा. विमा वापरलात तर दाव्याचा तपशील सहसा ज्याच्या नावावर विमा आहे त्याच्या पत्त्यावर येतो, म्हणजे यजमानांच्या नावाने पाकीट घरी येऊ शकतं. विमा कंपनीच्या ऑनलाइन खात्यात जाऊन टपाल बंद करता येतं का ते आजच बघा. आणि एखाद्या सेवेचे पूर्ण पैसे तुम्ही स्वतः भरलेत, तर ती माहिती विमा कंपनीला कळवू नका असं थेरपिस्टला लेखी सांगता येतं, आणि तिला ते पाळावं लागतं. हेसुद्धा पहिल्या भेटीआधी सांगायचं, दावा निघून गेल्यावर नाही.